भांडण बोर्डाशी, बळी मॅनेजरचा : कॉर्कचे संप आणि गेलिक खेळांतली बंडं

लीकाठ | शनिवार, रात्री १०:१२

कॉर्कमध्ये येऊन नऊ वर्षं झाली. लेक दहा वर्षांची आहे, गावच्या क्लबात कमोगी खेळते. कमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, काठी-चेंडूचा खेळ. शनिवारी सकाळी आम्ही पालक मैदानाच्या कडेला उभे असतो. पाऊस आला की गाडीच्या डिकीचं दार वर करून त्याच्या आडोशाला. आमच्यातला एक बाप घरून पत्र्याच्या पट्ट्या, बारीक खिळे आणि छोटी हातोडी घेऊन येतो. कुठल्याही मुलीच्या हर्लीचं टोक उकललं की तिथेच गुडघ्यावर घेऊन पट्टी ठोकून देतो. हर्ली म्हणजे राखाडी-पिवळट अ‍ॅश लाकडाची काठी, खाली पसरट.

आज बोलता बोलता २००९ चा विषय निघाला आणि शेजारी उभी असलेली दोन माणसं एकदम गप्प झाली. नंतर या पट्टीवाल्याने मला सांगितलं की त्या वर्षी तो आणि त्याचा सख्खा भाऊ सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. जमीन नाही, पैसा नाही, कॉर्कच्या हर्लिंग संघाचा मॅनेजर राहावा की जावा यावरून.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे स्वतःचे खेळ. दोन्हींत पंधरा-पंधराचे संघ, गोलचे तीन गुण, आडव्या दांडीच्या वरून मारलं तर एक (फुटबॉलमध्ये २०२५ पासून लांबून मारलं तर दोन). १८८४ साली स्थापन झालेली जीएए ही संघटना ते चालवते. देशभरच्या मोठ्या स्पर्धेचा, म्हणजे 'अखिल आयर्लंड'चा, अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये होतो, ८२ हजारांच्या गर्दीत. आणि त्या गर्दीपुढे खेळणाऱ्या एकाही खेळाडूला पगार नसतो. सोमवारी सकाळी तो शाळेत शिकवत असतो, बँकेत असतो किंवा कुठे भिंत बांधत असतो. मॅनेजरलासुद्धा नियमाप्रमाणे फक्त खर्च मिळतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जो तुमच्या गावचा क्लब तोच तुमचा क्लब, आणि क्लब ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्या काउंटीचीच जर्सी. मॅनेजरशी पटलं नाही म्हणून शेजारच्या काउंटीकडून खेळता येत नाही. जायला दुसरं घरच नाही. मग खेळाडूकडे उरतं काय? न खेळणं. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि दाबायला त्यांच्या हाती तेवढं एकच नाक आहे.

कॉर्कमध्ये हे सात वर्षांत तीनदा झालं.

पहिला संप २००२ च्या हिवाळ्यात, हर्लर्सचा. त्याच वर्षी लीगच्या अंतिम सामन्याआधीच्या संचलनात कॉर्कच्या खेळाडूंनी निषेध म्हणून जर्सी चड्डीबाहेर काढल्या होत्या आणि मोजे घोट्यापर्यंत खाली केले होते. मागण्या वाचल्या तर पोटात कालवतं. डॉक्टर वेळेवर मिळावा, जिमची सोय व्हावी, प्रवास आणि जेवण धड असावं, खेळायचं सामान मिळावं, घरच्यांसाठी तिकिटं मिळावीत. यातलं काय जास्त मागितलं? बोर्डाने, म्हणजे काउंटीत खेळ चालवणाऱ्या मंडळाने, बरंचसं मान्य केलं, दरम्यान मॅनेजर गेले, नवे डोनल ओ'ग्रेडी आले. २००३ ला संघ अंतिम फेरीत हरला आणि २००४, २००५ अशी सलग दोन वर्षं अखिल आयर्लंड जिंकला.

दुसरा २००७ च्या शेवटी. फुटबॉलचे मॅनेजर बिली मॉर्गन गेले आणि बोर्डाने नियम बदलला. मॅनेजरचे सहकारी, म्हणजे सिलेक्टर, यापुढे मॅनेजर नाही तर बोर्ड निवडणार. त्या नियमाखाली टेडी हॉलंड यांना नेमलं. फुटबॉलपटू संपावर गेले आणि हर्लर्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लीगचे सामने सोडून द्यावे लागले. शेवटी सरकारच्या कामगार तंटे सोडवणाऱ्या आयोगाचे प्रमुख कीरन मल्व्ही यांना मध्यस्थीला बसवलं. बिनपगारी खेळाडूंचा तंटा कारखान्यातल्या तंट्यासारखा सोडवावा लागला! फेब्रुवारी २००८ मध्ये निर्णय झाला. सिलेक्टर निवडायचा हक्क मॅनेजरकडे परत गेला, आणि हॉलंड यांना जावं लागलं. या माणसाचा गुन्हा काय होता? बोलावलं म्हणून ते आले होते.

तिसरा सगळ्यांत कडू. ऑक्टोबर २००८ मध्ये बोर्डाने हर्लिंगचे मॅनेजर जेरल्ड मॅकार्थी यांना आणखी दोन वर्षं दिली. निवड समितीत खेळाडूंचे दोन प्रतिनिधी होते, त्यांचं म्हणणं की निकाल आधीच ठरला होता. २००८ चा सगळा संघ म्हणाला, आम्ही यांच्या हाताखाली खेळणार नाही. मॅकार्थी हटले नाहीत. नवी पोरं घेऊन लीगमध्ये उतरले. फेब्रुवारीत कॉर्क शहरात खेळाडूंच्या बाजूने सुमारे दहा हजार लोक चालत गेले. १० मार्च २००९ ला मॅकार्थी पायउतार झाले. जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचं त्यांनी सांगितलं.

मी खेळाडूंच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. पण वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. तिन्ही वेळा भांडण बोर्डाशी होतं. कॉर्क बोर्डाचे सचिव फ्रँक मर्फी १९७० च्या दशकापासून २०१८ पर्यंत त्या खुर्चीत होते. बोर्ड जागेवर राहिलं आणि गेला तो दर वेळी मॅनेजर. खेळाडूंचा हात बोर्डापर्यंत पोचत नाही, मॅनेजरपर्यंत पोचतो. इथल्या कुणी गेलिक खेळ जवळून पाहिले असतील तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

घाटवाट | शनिवार, रात्री १०:५०

वाचनखूण साठवली. हर्लिंग फक्त एकदा टीव्हीवर पाहिलंय, चेंडू कुठे गेला तेच कळेना. धमक्यांचं वाचून वाईट वाटलं. हे मॅकार्थी होते कोण? आधी खेळाडू होते का?

दुर्बीण | शनिवार, रात्री ११:३१

@घाटवाट, खेळाडू होते का! पाच अखिल आयर्लंड पदकं. १९६६ साली कॉर्क बारा वर्षांनी जिंकलं तेव्हा हाच माणूस कप्तान होता, विशीच्या आसपासचा. पुढे १९७०, आणि मग १९७६, ७७, ७८ सलग. कॉर्कच्या माणसाच्या घरात ज्यांचा फोटो असतो त्यांपैकी एक.

आता एक गोष्ट सांगतो जी मला कायम खटकत आली आहे. त्याच १९६६ च्या संघात जस्टिन मॅकार्थी नावाचा दुसरा एक जण होता. आडनाव एकच, नातं नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लर तो. पुढे दोघंही मॅनेजर झाले. वॉटरफर्डला आधी जेरल्ड होते, २००१ ला ते गेल्यावर जस्टिन आले. २००२ मध्ये वॉटरफर्डने मन्स्टर, म्हणजे दक्षिणेकडची प्रांतिक स्पर्धा, जिंकली ते १९६३ नंतर प्रथमच. मग २००४, २००७. आणि जून २००८ मध्ये क्लेअरकडून एक सामना हरल्यावर त्याच खेळाडूंनी मतदान करून जस्टिनवर अविश्वास दाखवला. ते गेले, क्लेअरचा डेव्ही फिट्झजेराल्ड आला, आणि त्याच मोसमात वॉटरफर्ड अखिल आयर्लंडच्या अंतिम फेरीत! १९६३ नंतर पहिल्यांदा. तिथे किलकेनीने त्यांना २३ गुणांनी लोळवलं.

एका वर्षाच्या आत १९६६ चे हे दोघंही आपापल्या खेळाडूंकडून बाहेर. चाळीस वर्षं उलटून गेली होती, दोघांनी खेळ शिकला तो वेगळ्याच काळात. त्या काळी मॅनेजरने सांगायचं आणि पोरांनी हाताची घडी तोंडावर बोट. २००८ च्या पोराला सरावाची आखणी लागते, सामन्याचं चित्रीकरण लागतं, आहार लागतो. कुणी वाईट नव्हतं, असं माझं मत.

शेवंता | रविवार, सकाळी ८:०५

लीकाठताई, फार सुंदर लिहिलंय. पण मला एक पटलं नाही. "बोलावलं म्हणून ते आले होते" असं हॉलंड यांच्याबद्दल म्हणता. संप चालू असताना जो येतो त्याला कळतच असतं की तो कुणाच्या बाजूने येतोय. माझे वडील गिरणीत होते, ८२ चा संप आमच्या घरात झालाय. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे काही ना काही कारण होतं. ती माणसं वाईट नव्हती हे वडीलही म्हणत, पण त्यांच्या आत जाण्याने काय झालं हेही ते विसरले नाहीत.

लीकाठ | रविवार, सकाळी ९:४०

शेवंता, तुमचा मुद्दा मनाला लागला. हॉलंड आले तेव्हा नवा नियम जाहीर होता आणि खेळाडूंचा विरोधही. तेव्हा "गुन्हा काय" हे मी फार सोपं करून लिहिलं. फरक मला एवढाच दिसतो की इथे आत जाणाऱ्याला पोट भरायचं नव्हतं. कॉर्कचं मॅनेजरपद म्हणजे आयुष्यभराचं स्वप्न. ते कुणी पुढे केलं की नाही म्हणायला मोठी छाती लागते.

लिमरिकवासी | रविवार, दुपारी १:१७

आमच्या शहराची कथा कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. मी २००७ पासून लिमरिकमध्ये आहे, त्या वर्षी हे सगळं ऑफिसात रोज ऐकलंय.

वॉटरफर्डहून निघालेले जस्टिन मॅकार्थी लगेच आमच्याकडे आले. २००९ ला लिमरिक उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि तिथे टिपरेरीने ६-१९ विरुद्ध २-७ (आधी गोल, मग गुण) असं चिरडलं. म्हणजे २४ गुणांनी. त्या हिवाळ्यात मॅनेजरने डझनभर खेळाडू पॅनलमधून, म्हणजे काउंटीच्या खेळाडूंच्या यादीतून, काढले. बाकीच्यांतले बरेच म्हणाले, ते नाहीत तर आम्हीही नाही. बोर्ड मॅनेजरच्या मागे उभं राहिलं. कॉर्कमध्ये मार्चपर्यंत मिटलं, आमच्याकडे पूर्ण २०१० तसंच गेलं.

आणि इथे मला लीकाठ यांच्या लेखात राहून गेलेलं बोलायचंय. बोर्ड, मॅनेजर, संपावरचे खेळाडू यांच्याबद्दल सगळे लिहितात. त्या वर्षी जर्सी घालून उतरली ती पोरं? १९-२० वर्षांची. कुणाला अजून क्लबच्या पहिल्या संघात धड जागा नव्हती. लहानपणापासून ज्या हिरव्या जर्सीची स्वप्नं पाहिली ती हातात आली, आणि सोबत गावातल्या अर्ध्या लोकांची नजर. घातली तर फितूर. नाही घातली तर पुन्हा मिळेलच याची खात्री कुणी द्यायची? लीगमध्ये ती हरत राहिली, संघ दुसऱ्या विभागात गेला. मी गेलिक ग्राउंड्सवर एक सामना पाहायला गेलो होतो, फेब्रुवारीतला. स्टँडमध्ये इतकी कमी माणसं होती की हर्लीवर हर्ली आदळल्याचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता. एरवी तो गर्दीत बुडून जातो. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई होती, बहुधा कुणाची तरी आई. प्रत्येक वेळी चेंडू एका विशिष्ट पोराकडे गेला की उभी राहायची आणि मग हळूच बसायची. स्कोअरकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

निकी क्वेड हे नाव आता सगळ्या आयर्लंडला माहीत आहे. लिमरिकचा गोलकीपर, २०१८ पासून पाच अखिल आयर्लंड. तो लिमरिकच्या मोठ्या संघात आला तो २०१० साली. लिमरिकने २०१८ ला जिंकलं ते १९७३ नंतर प्रथमच, त्या रात्री मी रस्त्यावर होतो. पण क्वेडसारखा एखादाच. त्या वर्षीचे बाकीचे बरेच जण परत कधी दिसले नाहीत.

घाटवाट | रविवार, दुपारी १:४०

ती आई डोळ्यांपुढे उभी राहिली. लिहीत राहा.

सायली_गॉलवे | रविवार, संध्याकाळी ६:२२

लीकाठ, "भांडण बोर्डाशी" हे कॉर्कपुरतं खरं, पण सगळीकडे नाही. आमच्या गॉलवेत भांडण थेट मॅनेजरशीच होतं.

अँथनी कनिंगहॅम यांनी २०१२ ला गॉलवेला पहिल्यांदाच लेन्स्टर, म्हणजे पूर्वेकडची प्रांतिक स्पर्धा, जिंकून दिली. दोनदा अखिल आयर्लंडच्या अंतिम फेरीत नेलं, दोन्ही वेळा किलकेनीने हरवलं. २०१५ च्या दुसऱ्या हरण्यानंतर बोर्डाने त्यांना पुन्हा नेमलं, आणि खेळाडूंनी मतदान करून अविश्वास दाखवला. काही आठवडे ते थांबले, नोव्हेंबरमध्ये गेले. माझा नवरा इथलाच आहे. त्याच्या घरात सासरे मॅनेजरच्या बाजूने, दीर खेळाडूंच्या. सासऱ्यांचं म्हणणं, अंतिम फेरीत नेणाऱ्या माणसाला असं घालवतात का? दिराचं म्हणणं, अंतिम सामन्यात मध्यंतराला पुढे असून हरतो, म्हणजे कुठेतरी काहीतरी कमी पडतंय, आणि ते आतल्यांनाच कळतं.

मिहॉल डोनहू आले. २०१७ ला गॉलवे जिंकलं, १९८८ नंतर पहिल्यांदा. सासरे त्या दिवशी क्रोक पार्कमध्ये रडले. पण घरी परतताना गाडीत म्हणाले की कनिंगहॅमचंही यात काहीतरी आहे, ही पोरं त्याने उभी केली. दीर काही बोलला नाही, मान हलवली फक्त. मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं.

दुर्बीण | रविवार, रात्री ८:१५

सायली, गॉलवेच्या अगदी शेजारी, त्याच हिवाळ्यात मेयोमध्ये फुटबॉलपटूंनी हेच केलं. नोएल कॉनली आणि पॅट होम्स हे दोघं जोडीने मॅनेजर होते, एकच मोसम झाला होता, उपांत्य फेरीत डब्लिनकडून फेरसामन्यात हरले. खेळाडूंचा अविश्वास, ऑक्टोबर २०१५ मध्ये दोघं गेले. पण मेयोला गॉलवेसारखं फळ मिळालं नाही. २०१६ ला अंतिम फेरी, बरोबरी, फेरसामन्यात एका गुणाने हार. २०१७ ला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा एका गुणाने. १९५१ पासून वाट पाहताहेत.

म्हणून "बंड केलं आणि जिंकले, म्हणजे बंड बरोबर" असा हिशोब कुणी मांडू नये. एक गुण इकडे-तिकडे झाला असता तर मेयोचं बंड शहाणपणाचं ठरलं असतं का? त्या खोलीत मतदान करणाऱ्यांना २०१७ दिसत नव्हतं.

मोरपीस | रविवार, रात्री ९:०२

बायकांच्या खेळाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. त्याच मेयोत २०१८ च्या उन्हाळ्यात महिला फुटबॉल संघातल्या बारा जणींनी पॅनल सोडलं, त्यांत कोरा स्टॉन्टनसुद्धा, या खेळातल्या आजवरच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. बहुतेक जणी कारनाकन या एकाच क्लबच्या. संघातलं वातावरण खेळाडूंसाठी निरोगी नाही असं त्यांचं म्हणणं होतं, मॅनेजरला ते मान्य नव्हतं. पुढे काउंटी बोर्डाने काय केलं माहीत आहे? अख्ख्या क्लबलाच काउंटीच्या स्पर्धेतून काढलं. अपिलात तो निर्णय टिकला नाही आणि क्लब परत खेळला. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. काउंटीच्या संघाशी काडीचा संबंध नसलेल्या क्लबातल्या मुलींनी काय केलं होतं?

पुरुषांनी संप केला तेव्हा शहरात मोर्चा निघाला. या बारा जणींना मात्र आठवडेच्या आठवडे एकच प्रश्न विचारला गेला, नेमकं काय झालं ते सांगा. खाजगी गोष्ट चव्हाट्यावर मांडल्याशिवाय बाईचं म्हणणं खरं धरायचंच नाही, याची मला अजून चीड येते.

शेवंता | सोमवार, सकाळी ७:३०

मोरपीस, शंभर टक्के. आणि २०२५ चं आठवतंय ना? कमोगीच्या खेळाडूंना स्कर्टसारखी चड्डी सक्तीची होती. डब्लिन आणि किलकेनीच्या मुली शॉर्ट्स घालून मैदानात आल्या तर बदलून या म्हणून परत पाठवलं. तीन आठवड्यांत संघटनेला खास अधिवेशन घेऊन नियम बदलावा लागला. तिथे मॅनेजरचा संबंध नव्हता, भांडण थेट वरच्यांशी. लीकाठताईंच्या मुद्द्याला हे पूरक आहे. हात वरपर्यंत पोचला की मधल्याचा बळी जात नाही.

लीकाठ | सोमवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. लेकीने त्या मे महिन्यात शॉर्ट्सची बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती.

सायली आणि दुर्बीण, शीर्षक कॉर्कपुरतं खरं आहे हे मान्य. गॉलवे-मेयोत खेळाडूंना चांगला सराव हवा होता आणि तो मॅनेजरच देऊ शकतो, तिथे बोर्ड दुय्यम. पण दोन्हीकडे बोर्डाने आधी मॅनेजरशी ठरवलं आणि खेळाडूंचं मन नंतर उघड झालं, हे सारखंच आहे ना? आधी विचारलं असतं तर कनिंगहॅम मानाने गेले असते, असं मला मनापासून वाटतं.

लिमरिकवासी, त्या पोरांबद्दल मी लिहायला हवं होतं. कॉर्कमध्येही तीच होती, २००९ च्या लीगमध्ये. तुमचं वाचल्यावर आज संध्याकाळी सरावाला गेले तेव्हा मी आमच्या पट्टीवाल्याला सरळ विचारलं, तुम्ही दोघं भाऊ कुणाच्या बाजूने होता? तो म्हणाला, मी मोर्चात होतो. आणि भाऊ? भावाच्या मोठ्या मुलाला मॅकार्थींच्या नव्या पॅनलच्या चाचणीला बोलावणं आलं होतं. मुलगा गेला. एकाही सामन्यात त्याला उतरवलं नाही, दोनदा बाकावर बसला आणि मार्चमध्ये सगळं संपलं. एवढ्यासाठी काका पुतण्याशीही बोलला नव्हता, हे सांगताना त्याने हातोडी खाली ठेवली.

मग बोलणं सुरू कसं झालं, असं मी विचारलं. म्हणाला, त्या सप्टेंबरमध्ये क्लबचा सामना होता. सामन्याच्या आदल्या रात्री पुतण्याची हर्ली उभी चिरली. दुसरी त्याच्या हाताला बसेना. साडेदहाला दारावर टकटक झाली, उघडलं तर भाऊ, हातात मोडकी हर्ली. "पट्टी मारून होईल का?" होण्यासारखी नव्हती, मुठीपर्यंत तडा गेला होता. याने आतून स्वतःची आणून दिली.